फादर स्टीफन्सचे सहाशे खिळे : एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

४ जून

पुस्तिकेचे नक्की झाले. ३२ पाने, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे. एका फर्म्यात सोळाव्या शतकात गोव्यात आलेले इंग्रज पाद्री फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र, दुसऱ्यात त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या, म्हणजे ख्रिस्तकथेच्या मराठी काव्यातल्या, निवडक ओव्या. मागणी वसईकडच्या एका वाचनगटाची. प्रकाशन २४ ऑक्टोबरला, कारण १५७९ साली त्याच तारखेला स्टीफन्स गोव्याच्या बंदरात उतरले. मानधनाऐवजी जेवण मिळेल असे गटाच्या फादरांनी हसत सांगितले. वसईकडचे जेवण म्हटल्यावर मी पुढे ताणले नाही.

अट एकच आहे. प्रत्येक ओवी दोनदा छापायची, वर रोमी (रोमन) लिपीत आणि खाली देवनागरीत. गटातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बाया मूळच्या गोव्याच्या घरातल्या. त्यांना रोमी डोळ्यांपुढे लागते, बाकीच्यांना देवनागरी.

देवनागरी प्रत नव्याने करायची गरज आहे का, असे पुतण्याने विचारले. १९५६ ची शांताराम बंडेलूंची पुण्यातली आवृत्ती आहेच, तीवरून उतरवून घेऊ, असे त्याचे म्हणणे. पण तिथे संपादकाने मजकूर आजच्या वाचकासाठी बसवला आहे. आम्हाला ओळीखाली ओळ आणि अक्षराखाली अक्षर जुळवायचे आहे. मी एकतीस वर्षे छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवणारा जुळारी होतो, हात शिवशिवतातच. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही जुळवा, मी प्रोग्राम लिहितो. बघू कोण आधी चुकतं.”

९ जून

चरित्राचा कच्चा खर्डा. ठोक गोष्टी अशा.

जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावचा. वडील लंडनचे व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे जोखमीचे होते. थॉमस पाउंड नावाच्या धनिक मित्राबरोबर त्याचा नोकर असल्याचे सोंग करून स्टीफन्स हिंडले. दोघांचा रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात शिरायचा बेत होता. पाउंड पकडला जाऊन तुरुंगात पडला आणि स्टीफन्स एकटेच पुढे गेले. १५७५ साली रोममध्ये संघात प्रवेश. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यातून निघाले. वाटेत सहा महिने आणि वीस दिवस. त्यानंतर चाळीस वर्षे गोव्यात, त्यातली बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, आणि १६१९ साली तिथेच शेवट. मायदेशी परत गेले नाहीत.

पोचल्यावर पंधरवड्याने, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्यात वारा, पाणी, पक्षी, शार्क मासे आणि खलाशांचा तो भयंकर रोग. हिरड्या सुजून इतक्या वाढत की कापून टाकाव्या लागत, पाय सुजत, अंग ठणके. धर्माची चर्चा अगदी बेताची. मुलगा बापाला प्रवास सांगतो आहे, बस. पुढे हे पत्र हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी ते वेगळ्याच डोळ्यांनी वाचले.

फादरांनी मलपृष्ठासाठी ‘भारतात राहिलेला पहिला इंग्रज’ असे शीर्षक सुचवले आहे. सगळीकडे हेच छापतात. मला ते रुचत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे साष्टीत काढली आणि मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या, त्याच्या पाटीवर ‘इंग्रज’ कशाला हवे? दुसरे शीर्षक सापडेपर्यंत जागा मोकळी ठेवली.

१७ जून

अक्षरांचा तक्ता केला. आज दिवसभर दुसरे काहीच झाले नाही आणि त्याचे वाईटही वाटले नाही.

मूळ ‘ख्रिस्तपुराणा’च्या १९०७ च्या रोमी मंगळूर आवृत्तीचे धरले आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही रोमी विचित्र वाटते. ‘भासा’ या शब्दात एस दोनदा. का? तर पोर्तुगीजात दोन स्वरांमध्ये एकटा एस आला की त्याचा उच्चार झ-कडे जातो. ‘स’च ऐकू यावा म्हणून तो दुहेरी. म्हणजे ते ‘भास्सा’ नव्हे. ‘ळ’साठी दोन एल, ‘ण’साठी दोन एन, ‘ठ’साठी दोन टी आणि एच. ‘ख’साठी क्यू-एच, म्हणून ‘चोखळा’ शब्द पहिल्या भेटीत ओळखू येत नाही. ‘कि’ लिहायचा तर क्यू-यू-आय. ‘जैसी’तला ज झेडने. ‘व’ला बहुतेक ठिकाणी यू.

अनुस्वाराची जागा पाहून मात्र जुळाऱ्याच्या हाताला बरे वाटले. पोर्तुगीज टिल्ड, ती नागमोडी रेघ, स्वराच्या डोक्यावर बसते. आमचा टिंबही तिथेच बसतो. ‘हरळां’, ‘रत्नां’, ‘भासां’ यांच्या डोक्यावर तीच रेघ आहे.

हा सगळा व्याप ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट हे वेगळे आहेत हे कानाला कळल्यावाचून कोणी करत नाही. बुश्टनच्या मुलाला ‘ळ’ ऐकू आला होता. पुण्यातल्या काही मुलांना आजकाल येत नाही.

२६ जून

पुतण्याच्या प्रोग्रामची पहिली उतरण आली. ‘मराठी’चे झाले ‘मरत्ठ्य’. ‘जैसी’चे ‘झैस्स्य’. अर्धा तास हसलो.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. रोमीत अ आणि आ दोन्हींना ए हे एकच अक्षर. ‘मन’, ‘मना’, ‘मान’ आणि ‘माना’ सगळे एकाच वेशात उभे. दोन एन आले की ‘ण’ घ्यायचा, हा नियम ‘अन्न’ शब्दापाशी कोसळतो. प्रोग्राम बिचारा ‘आण’ वाढतो. शेवटी ठरले असे: प्रोग्रामने सगळे पर्याय द्यायचे आणि निवड माणसाने करायची. पुतण्या हिरमुसला. त्याला म्हटले, छापखान्यातसुद्धा खिळे फौंड्री द्यायची, शब्द जुळारीच जुळवायचा.

३ जुलै

पाऊस. वीज नाही. काम नाही.

११ जुलै

पुराणाच्या पहिल्याच ओवीने तीन दिवस खाल्ले.

“नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था, परमेश्वरा सत्यवंता, स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा.” एवढे निर्वेध उतरते. पृथ्वीतल्या ऋ-ला रोमीत आर-ए आहे, तेही समजते. पण ‘नमो’च्या आधी एक शब्द आहे: व्ही-ओ. वो. वो नमो.

बंडेलूंच्या वाटेने गेले तर तिथे ॐ घ्यायचा. ज्ञानेश्वरी ‘ॐ नमोजी आद्या’ म्हणत उघडते आणि स्टीफन्सच्या ओवीचे वळण ती ओवी कानात असल्याशिवाय येत नाही, हे उघड आहे. पण पानावर अनुस्वार नाही, नागमोडी नाही. आरंभीच्या ओ-ला व लावून म्हणणे ही तर आपलीच जुनी सवय. वोवी, वोळख, वोठ. म्हणजे ‘वो’ हा नुसता ‘ओ’ आहे. तो अनुस्वार कोणी मुद्दाम गाळला, की पोथी उतरवणाऱ्याच्या हातून गळला?

हा टिंब लहान नाही. १६१६ साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, परवान्याने छापलेल्या पुस्तकाच्या पहिल्या अक्षरावरचा टिंब आहे.

फादरांना फोन केला. ते म्हणाले, ॐ घाला, लोकांना आवडेल. मी म्हटले, आवडेल म्हणून खिळा बसवत नाही. तूर्त ‘वो’ ठेवला.

१४ जुलै

गटासाठी निवडलेल्या ओव्यांत मराठीच्या स्तुतीच्या चार येणारच. “जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी.” पुतण्याने तळटीप लिहिली: हरळ म्हणजे हरळी, दूर्वा. गवतात रत्न कसे चमकते याचे त्याने सुंदर वर्णनही केले. आई तांदूळ निवडताना ‘हरळ आहेत रे’ म्हणायची, ते त्याने कधी ऐकलेच नाही. हरळ म्हणजे खडे. तळटीप खोडली.

२० जुलै

कुंकळ्ळीचे पान. आजपर्यंत टाळले होते.

जुलै १५८३. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले. त्यांचा म्होरक्या रोदोल्फो आक्वाविवा, इटलीच्या सरदार घराण्यातला, नुकताच अकबराच्या फत्तेपूर सिक्रीच्या दरबारातून परतलेला. प्रेते ताब्यात घेऊन आणायचे काम स्टीफन्सवर आले.

पहिल्या खर्ड्यात एवढेच होते. आज वाचताना बोचले, कारण एवढेच सांगणे म्हणजे अर्धे लपवणे. साष्टीतली देवळे त्याआधी सोळा वर्षे, १५६७ पासून, पाडली जात होती. आणि हत्येनंतर गावच्या सोळा गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीवाचून पंधरा जणांना मारले. सोळावा नदीत उडी टाकून निसटला. हेही त्याच पानावर, त्याच टाइपात यायला हवे. फादरांना पाठवले. मला वाटले होते काट मारतील. त्यांनी उत्तर पाठवले: “असू दे. दोन्ही नावांनी मिस्सा करू.”

याच संदर्भात पुराणाचा पहिला अवस्वरू, म्हणजे अध्याय, पुन्हा वाचला. तिथे एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? स्टीफन्सनी ग्रंथाचे कारण म्हणून हा प्रश्न स्वतःच लिहून ठेवला आहे. ज्याची पोथी हिरावली त्याचे गाऱ्हाणे मंगलाचरणाच्या इतके जवळ ठेवणारा माणूस सरळ नाही, गुंतागुंतीचा आहे. त्याला संत करून पान सोपे होईल, पण खरे होणार नाही.

त्याच वर्षीची हलकी बाजूही आहे. राल्फ फिच, न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी आणि त्यांचे दोन साथीदार होर्मुझला पकडून गोव्याच्या कैदेत आणले गेले. त्यांना जामिनावर सोडवायला स्टीफन्सनी खटपट केली. त्या चौघांत जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार होता. गोव्यात चित्रकारांचा तुटवडा, चर्चेसच्या भिंती कोऱ्या. जेझुइटांनी त्याला सेंट पॉलच्या मठात ठेवूनच घेतले. पुढे तो मठ सोडून शहरात दुकान थाटून बसला. एक चौकट त्याला दिली. मोह आवरला नाही.

२ ऑगस्ट

पाया हलला.

१७ जूनच्या नोंदीत मी ‘बुश्टनच्या मुलाला ळ ऐकू आला’ असे थाटात लिहिले आहे. प्रस्तावनेतही तेच घातले होते, की हे स्पेलिंग म्हणजे स्टीफन्सचा कान. आज पुतण्याने सहज विचारले, “काका, १६१६ ची प्रत कुठे पाहायला मिळते?”

कुठेच नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या आणि तिन्हींतली एकही प्रत हयात असल्याची माहिती नाही. १९०७ ची आवृत्ती हस्तलिखितांवरून केलेली. गोव्यातून कॅनराकडे, म्हणजे आजच्या कर्नाटक किनाऱ्याकडे, गेलेल्या ख्रिस्ती घरांनी पोथ्या उतरवून उतरवून जपल्या, वाचल्या, वापरल्या. म्हणजे ज्या दुहेरी एलवर मी भाळलो होतो, तो तीन-चार पिढ्यांतल्या कोणा लेखकूच्या हातचा असू शकतो. कदाचित त्याची मातृभाषा कोकणीच. त्याला ळ ऐकू येण्यात नवल ते काय?

प्रस्तावनेची दोन पाने काढून टाकली. जेवलो नाही.

९ ऑगस्ट

इतकेही हताश व्हायला नको होते. स्टीफन्सची ‘दौत्रिना’, म्हणजे प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे कोकणी पुस्तक, १६२२ साली साष्टीतल्या रायतूरला छापले गेले. ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्याची छापील प्रत टिकली आणि १९४५ साली मारियानो सालदाञांनी लिस्बनहून तिची हुबेहूब प्रतिकृती काढली. १६४० साली स्टीफन्सचेच कोकणीचे व्याकरण छापले गेले, त्यात दियोगु रिबैरोने भर घातली. दोन्हींत अक्षरांची तीच व्यवस्था आहे. तेव्हा लेखकूंनी फाटे फोडले असतील, पण तक्ता स्टीफन्सच्या छापखान्यातला, असे म्हणायला जागा आहे. प्रस्तावनेत ‘कान’ परत आला. या खेपेला एका वाक्यात, दोन पानांत नव्हे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. लंडनला मार्सडेनच्या संग्रहात ‘ख्रिस्तपुराणा’चे देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने विसाव्या शतकात ते उजेडात आणले. त्याची भाषा रोमी पोथ्यांपेक्षा संस्कृताकडे झुकलेली. पोर्तुगीज शब्दांच्या जागी तिथे संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अ‍ॅबटचे मत असे की मूळ रचना हीच. म्हणजे कदाचित स्टीफन्सनी आधी देवनागरीतच लिहिले आणि छापायच्या वेळी रोमीत उतरवले. कदाचित नाहीही. पण मग आमचा प्रोग्राम जे करतो आहे ते उलट्या दिशेने आधीच एकदा झालेले असणार. हे ऐकून पुतण्याने हात जोडले.

१५ ऑगस्ट

सुट्टीचा फायदा घेऊन १५८३ चे दुसरे पत्र वाचले. भाऊ रिचर्डला लिहिलेले. नारळाच्या झाडाबद्दल कौतुकाने लिहिले आहे. झावळी, तेल, काथ्या, सगळे काही एका झाडातून निघते म्हणून. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असेही म्हटले आहे. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यात हेच सांगितले ते १७८६ साली. मध्ये २०३ वर्षे. अभ्यासक या वाक्यापाशी थांबतात आणि ते बरोबरच आहे.

पण मी पुढच्या वाक्यापाशी थांबलो. तिथे ते सांगतात की या लोकांची अक्षरे उच्चारखंडाइतकी किंमत बाळगतात, आणि व्यंजने स्वरांशी व एकमेकांशी जितक्या तऱ्हांनी जुळतील तितक्या तऱ्हांनी ती बदलतात. ही बाराखडी आहे. ही जोडाक्षरे आहेत. येऊन चार वर्षे झालेल्या माणसाने माझ्या केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, सगळे खण मोजायला घेतलेले दिसतात.

२४ ऑगस्ट

आणि पंचवीस वर्षांनी त्यांनी ते मोजून पूर्ण केले.

५ डिसेंबर १६०८ चे पत्र. रोमला, संघाच्या मुख्याला लिहिलेले. या प्रांतात इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत, अशी माझी कित्येक वर्षांची तीव्र इच्छा आहे, असे ते म्हणतात. मलबारात तसे झाले आहे, त्याचा तिथल्या लोकांना फायदा झाला आहे. (हे खरेच. १५७८ साली कोल्लमला तमिळ खिळ्यांनी ‘तंबिरान वणक्कम’ छापले गेले होते.) मग इथे का झाले नाही? एक कारण असे की सहाशे साचे ओतावे लागतील. युरोपात आपले चोवीस अक्षरांत भागते.

सहाशे. मी खुर्चीतून उठून बाल्कनीत गेलो.

माझ्याभोवती चार केस अर्धगोलात मांडलेल्या असत. क, क-चे अर्ध, क्त, क्ष, वेलांटीचे खिळे, रफाराचे, ऱ्हस्व उकार खाली बसवायचे, तुटलेली मात्रा, झिजलेला ‘ळ’. इंग्रजीचा कंपोझिटर शेजारी बसायचा, त्याचे दोन केसमध्ये काम व्हायचे आणि पाच वाजता तो डबा उचलून जायचा. आम्हाला सात. त्याचा पगार मात्र आमच्याहून जास्त. सोळाव्या शतकात जन्मलेल्या एका पाद्रीने हा हिशोब मांडून वर अर्ज केला होता, हे त्या एकतीस वर्षांत मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

या अर्जाचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. १६१६ साली पुराण रोमीतच निघाले. चोवीस अक्षरांना शेपट्या, टोप्या आणि दुहेरी जोड लावून सहाशेंचे काम भागवले. तो तक्ता म्हणजे हौस नव्हती, नड होती. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे छापील पुस्तक बंगालात सेरामपूरला झाले, विल्यम केरीचे व्याकरण, १८०५ साली. अर्जानंतर १९७ वर्षांनी.

एक गोष्ट रात्री लक्षात आली. हे पत्र ज्याला लिहिले तो मुख्य कोण? क्लॉडियो आक्वाविवा. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रोदोल्फोचा सख्खा काका. ज्याच्या पुतण्याचे प्रेत आणले, त्याच्याकडेच पंचवीस वर्षांनी खिळे मागितले. पत्रात त्याचा उल्लेख नसेना का, चरित्राच्या पानावर ही दोन टोके जवळ आणता येतात. कुंकळ्ळीचे पान आणि खिळ्यांचे पान समोरासमोर लावले.

शीर्षकही मिळाले. पुतण्याला म्हटले, ‘इंग्रज’ काढ, ‘सहाशे खिळे’ घाल.

६ सप्टेंबर

वसईला वाचून पाहण्याची बैठक. चौदा माणसे, एक ओसरी, मध्ये पावसाची सर.

गोव्याच्या घरातल्या आजींनी रोमी पान घेतले आणि एका दमात वाचले. जिथे प्रोग्राम पाच पर्याय देऊन बसतो तिथे त्यांची जीभ अडखळतसुद्धा नाही. ‘मन’ की ‘मान’ हे त्यांना ओवीची चाल सांगते. पुतण्याने घाईघाईने रेकॉर्ड करून घेतले. एकोणीस जागी त्यांचा उच्चार आमच्या निवडीपेक्षा वेगळा पडला, त्यातल्या सोळा जागी त्यांचा बरोबर.

माझी फजिती पुढे. स्टीफन्सच्या गद्य प्रस्तावनेतली ओळ आम्ही मुखपृष्ठाच्या आत घेतली आहे. मागल्या कवेश्वरांची “बहुतेक अवघडें उतरें सांडून” आपण कवित्व सोपे केले, असे ते म्हणतात. माझी तळटीप: उतर म्हणजे उत्तर, जबाब. आजी म्हणाल्या, “बाबा, उतर म्हणजे शब्द. आम्ही घरात रोज म्हणतो. तुला कोणी उतर दिलं नाही का कधी?” सगळी ओसरी हसली. मीही. हरळीवरून पुतण्याला केलेली चेष्टा फिटली, कारण तो सर्वांत मोठ्याने हसत होता.

स्टीफन्स त्या प्रस्तावनेत सांगतात तेच त्यांनी वाक्यात करून ठेवले होते. मराठीत बोलता बोलता साष्टीच्या घरातला एक शब्द मिसळून दिला, आणि चारशे वर्षांनी पुण्याचा जुळारी तिथे ठेचकाळला.

बाकी: ‘वांगेल’ला (शुभवर्तमान) तळटीप नको, सगळ्यांना कळते. ‘वैकुंठ’ला हवी. एका तरुणाने विचारले, स्वर्गाला वैकुंठ कसे म्हटले? आजींनी परस्पर उत्तर दिले, मग दुसरे काय म्हणणार होते?

१९ सप्टेंबर

रायतूर. मडगावहून राय गावच्या वाटेने बस, मग पायी.

टेकडीवर सेमिनरीची पांढरी इमारत, खाली जुवारी नदी, वाटेत जुन्या किल्ल्याचा राहिलेला दरवाजा. पायाभरणी १६०६ ची. याच आवारातल्या छापखान्यात पुराण छापले गेले. छापखान्याची काही खूण पाहायला मिळेल, निदान दगडी ओटा, अशी वेडी आशा होती. काही नाही. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पूर्वी इथे होते, तेही २००२ मध्ये जुन्या गोव्याला सांता मोनिकात गेले.

उन्हात भिंतीला टेकून बसलो. दमट हवा. हिच्यात कागद कसा सुकवत असतील? शाई कुठून आणत? ओल्या दिवसांत फर्मा उचलताना लाकूड फुगून साचा अडकायचा, तो आमच्याकडे पुण्यात अडकायचा, इथे किती अडकत असेल. पुतण्याने माझा फोटो काढला. पुस्तिकेत घालायचा नाही असे बजावले.

३ ऑक्टोबर

दुसरे प्रूफ. चुका:

पान ५ वर मृत्यू १६४९ पडला आहे, म्हणजे शंभरी. दुरुस्त केला. तो दुसऱ्या आवृत्तीच्या सालाशी अदलाबदल झाला होता, दोन्हीकडे पाहिले. पान ११, ‘असोळणे’चे ‘आसोलना’ झाले. पान १९ ते २६, अर्ध्या ओव्यांत ‘भाषा’ आणि अर्ध्यांत ‘भासा’. हा प्रोग्रामचा नाही, माझा दोष. बोटांना ष-ची सवय. सगळीकडे ‘भासा’ केले. पान २२, ‘मोगरी’चा ‘मोगरा’ कोणीतरी सुधारून ठेवला आहे. सुधारणा रद्द. “जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी” असेच. कस्तुरीशी यमक आहे, मोगऱ्याला ते कसे जमेल?

१४ ऑक्टोबर

छपाईला पाठवायचा दिवस. सकाळी फादरांचा फोन, ‘वो’चे काय ठरले?

परवा रात्री आजींचे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले होते. पहिली ओवी त्यांनी म्हटली आहे. सुरुवातीचा शब्द नाकात किंचित घुमतो. वो आणि वों यांच्या मधला आवाज. त्यांना फोन करून विचारले की तुम्ही वो म्हणता की वों. त्या म्हणाल्या, “माझी आई म्हणायची तसं म्हणते.”

वरच्या रोमी ओळीत पोथीत आहे तसे व्ही-ओ ठेवले. खालच्या देवनागरीत ‘वो’. तळटीप दोन ओळींची: मूळ पाठात अनुस्वार नाही; इतर संपादकांनी ॐ घेतला आहे; म्हणताना आवाज नाकात जातो.

पुतण्याने पीडीएफ करण्याआधी सहज एक आकडा काढला. देवनागरीच्या सोळा पानांत जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, सगळे धरून एकमेकांहून वेगळे किती आकार आले, ते प्रोग्रामला मोजायला लावले. ३४७. मी म्हटले, ओव्या जेमतेम साठ आहेत, अजून दहा हजारांवर बाकी आहेत.

दुपारी २ वाजून १० मिनिटांनी फाइल गेली. ५०० प्रती, दोन फर्मे, मध्ये पिनबांधणी. आजींची प्रत मोठ्या टाइपात वेगळी काढायची आहे, ते पुतण्याकडे.